दुसरा पट्टा

सूनबाईला संशय घेण्याचा पगार मिळायचा. विमा कंपनीत ती दाव्यांची तपासणी करायची. कुणाचं गोदाम जळालं, कुणाची गाडी नाल्यात गेली, कुणी जिन्यावरून पडून कंबर मोडून घेतली, की ते प्रकरण तिच्या टेबलावर यायचं आणि समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरूनच ती कामाला लागायची. खरं निघालं तर तिला मनापासून बरं वाटायचं, नाही असं नाही. पण आधी पुरावा. साहेबांनी तिला नोकरीच्या सुरुवातीलाच बजावलं होतं, की तोंड उघडायचं ते हातात पुरावा आल्यावर, आणि पुरावा असा हवा की समोरच्याला मान वर करता येऊ नये.

असल्या सवयी ऑफिस सुटलं म्हणून सुटत नाहीत. घरातली साखर संपली तरी ती डबा हातात घेऊन शेवटचा चमचा कुणाचा, या विचारात पडायची. सासरे तिला कौतुकाने इन्स्पेक्टर म्हणायचे. सासूबाईही इन्स्पेक्टरच म्हणायच्या, कौतुक वगळून.

ऑफिसातून आली की ती घराच्या मागच्या खोलीत शिरायची. तिथे तिची सायकल ट्रेनरवर चढवलेली होती. मागचं चाक काढून सायकल त्या जड यंत्राला जखडली, की कितीही पायडल मारा, माणूस भिंतीसमोरून वीतभरही हलत नाही. समोर पडदा, बाजूला विमानासारखा घोंघावणारा पंखा, खाली घाम टिपायला रबरी चटई. पुढच्या महिन्यात चढाची शर्यत होती आणि पडद्यावरचा मास्तर तिच्याकडून इंटरव्हल करून घेत होता. मास्तर ‘दाबा’ म्हणाला की जीव खाऊन मारायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. ‘सोडा’ म्हणाला की पाय नुसते फिरवत ठेवायचे, श्वास जागेवर आणायचा. मग परत दाबा. सासूबाईंना हे नावच पटलेलं नव्हतं. इंटरव्हल म्हणजे नाटकात मधे उठून चहा प्यायची सुट्टी, त्यात माणसाला धाप कशी लागते, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या.

सासऱ्यांना मात्र सगळं कळायचं. जन्मभर त्यांनी छापखान्यात मशीन चालवलं आणि सुट्टीच्या दिवशी सायकलच्या शर्यती मारल्या. सूनबाईला सायकलचा नाद लावला तो त्यांनीच. गेल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा चेहऱ्यावरचा रंग उतरलेला पहिल्यांदा दिसला तो सूनबाईलाच, आणि गाडी काढून त्यांना दवाखान्यात नेलं तेही तिनेच. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की चाला, फिरा, पण नाडी एकशे वीसच्या वर जाता कामा नये आणि सायकलचं नाव काढायचं नाही. सासरे हो म्हणाले. त्यांची सायकल आणि रोलर, म्हणजे तीन नळकांड्यांची ती चौकट जिच्यावर सायकल ठेवून जागच्या जागी पळवतात, दोन्ही वरच्या अडगळीच्या खोलीत गेले. तेव्हापासून त्यांच्या जिवाची राखण सूनबाईने स्वतःकडे घेतली होती. कुणी सोपवली नव्हती, पण ती डोळ्यांत तेल घालून करायची. हा माणूस गेला तर या घरात आपल्याला इन्स्पेक्टर म्हणून हसणारं कुणी उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका संध्याकाळी दाबा-सोडाच्या ऐन मध्यावर तिच्या मांड्या पेटल्या होत्या, तोंडाला कोरड पडली होती, आणि पडद्यावर नाडीचा आकडा दिसत होता अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव! एवढी तर तिची चहा गाळताना असते. नाडी मोजणारा छातीचा पट्टा सैल झाला असेल म्हणून तिने तो चाचपला. पट्टा घट्ट होता. मास्तर सोडा म्हणाला, आणि तिचा श्वास खाली बसायच्या आत तो आकडा हळूहळू उतरायला लागला. परत दाबा म्हटल्यावर परत चढला, जरा उशिरा, जरा आस्ते, एकशे बारापर्यंत. ते हृदय तिच्याच तालावर चाललं होतं, पण तिचं नव्हतं.

तिने थांबून पडद्यावरची यादी उघडली. आसपास जेवढे पट्टे चालू असतील तेवढे त्या यादीत दिसतात. तिथे तिचा एकच असायला हवा होता, निघाले दोन. घाईत तिचं बोट भलत्यावर पडलं होतं. तिचा स्वतःचा पट्टा खाली दुसऱ्या ओळीत इमानदारीत एकशे बहात्तर दाखवत बसला होता.

या पट्ट्यांची हाक फार लांब जात नाही. एखादी खोली, फार तर एखादी भिंत ओलांडून. म्हणजे या घरात, नाहीतर शेजारच्या भिंतीआड, या क्षणी, कुणीतरी छातीला पट्टा बांधून तिच्याबरोबर सायकल मारत होतं आणि तिला सांगत नव्हतं. 

पहिला संशय शेजारच्या दातांच्या डॉक्टरांवर. ते बिचारे आठवडाभर मुलीकडे गेले होते आणि त्यांच्या दाराची कडी सूनबाईने स्वतः जाऊन पाहिली. परत येऊन तिने आपला कप्पा उघडला. नवा पट्टा घेतल्यावर जुना पट्टा आणि हँडलला लावायचं, आकडा दाखवणारं जुनं छोटं यंत्र तिने त्यात टाकून दिलं होतं. दोन्ही गायब. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पाणी घरातच मुरत होतं.

आता घरात माणसं ती किती. संशयाचा मान आधी नवऱ्याचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि घामाशी आपलं जन्मात जमणार नाही असं तो चारचौघांत सांगायचा. एवढं ठासून सांगतो म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय, असं तिला आता वाटायला लागलं. गुपचूप तयारी करून शर्यतीच्या दिवशी आपल्याला मागे टाकायचा बेत असेल. तिने त्याचे शर्ट हुंगले. त्यांना दुकानातल्या काच पुसायच्या द्रवाचा वास येत होता आणि दुसरा कसलाच नाही. मग दुसऱ्या संध्याकाळी तो अनोळखी आकडा एकशे दहावर असताना तिने सायकलवरूनच त्याला फोन लावला. नवरा दुकानातच होता. मागे कुणी गिऱ्हाईक फळ्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होतं. नवरा सुटला. पण धापा टाकत सहज फोन करणारी बायको कुठल्या नवऱ्याला सहज वाटेल? घरी आल्यावर त्याने दोनदा विचारलं, की तू नक्की कुठे होतीस. म्हणजे घरात एक संशय होता तिथे दोन झाले.

सासूबाईंचा विचार तिने केवळ रीत म्हणून केला. त्या वेळी त्या पुढच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून वाटाणे सोलत बसलेल्या असायच्या. मागच्या खोलीच्या दणदणाटावर त्यांचा तोच उपाय होता. शिवाय सूनबाईचं मत असं, की तो आकडा रागलोभाप्रमाणे वर-खाली होतो, आणि सासूबाईंचा राग वर जातो तो खाली येत नाही.

राहिले सासरे. त्यांचं नाव तिने मनात सगळ्यात शेवटी घेतलं. ते तर या वेळी फिरायला जातात. तासाभराने येतात, केस ओले, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि म्हणतात, आज चांगलं चालणं झालं. तिने पुढल्या संध्याकाळी कपडे बदलता बदलता पुढच्या दारात डोकावून पाहिलं. सासरे फिरायला गेले होते आणि त्यांचे फिरायचे बूट फळीवर जोडीने उभे होते.

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. अडगळीची खोली बरोबर तिच्या डोक्यावर. रोलरचा आवाज म्हणजे पत्र्यावरून ड्रम गडगडत नेल्यासारखा, घरात लपणं शक्य नाही. पण खाली ट्रेनर, पंखा आणि मास्तरचं ओरडणं चालू असेल, तर त्या गोंगाटाखाली तो बेमालूम झाकला जातो. ती दाबते तेव्हा आवाज वाढतो, तेव्हाच वरचाही वाढवायचा. ती सोडते तेव्हा खाली शांत, तेव्हा वरही शांत. मास्तरचा आवाज लाकडी तक्तपोशीतून वर पोचतच असणार. चोरी करायची तर राखणदाराच्याच पावलावर पाऊल टाकून. छापखान्यातला माणूस, एका यंत्राच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज ओळखणारा, त्याला हे सुचायला कितीसा वेळ?

आता साधी गोष्ट होती. जिना चढायचा आणि दार वाजवायचं. पण सूनबाई जिना चढली नाही, आणि त्याला कारण होतं. झटक्यानंतर काही दिवसांतच गच्चीवर सिगारेटचा वास आला होता. तिने कसलीही चौकशी न करता, सगळे जेवायला बसले असताना सासऱ्यांना विचारलं होतं. वास निघाला शेजारच्या घरी आलेल्या रंगाऱ्याच्या सिगारेटचा. सासऱ्यांनी आमटी वाढून घेतली. ताटावरून उठले नाहीत. फक्त पुढचे कितीतरी दिवस त्यांनी तिला इन्स्पेक्टर म्हटलं नाही, आणि सासूबाईंनी मात्र दिवसातून चार वेळा म्हटलं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. या खेपेला बूट फळीवर होते, एवढ्यावर तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवलं. ते म्हणतील, चपला घालून गेलो होतो. पट्ट्याचं विचारलं तर म्हणतील, मला काय माहीत. कानावर हात ठेवतील, पट्टा कुठेतरी दडवतील आणि उद्यापासून दुसरी वेळ शोधतील, जेव्हा आकडा बघायला ती नसेल. तिला असा पुरावा हवा होता की मान वर करता येऊ नये. त्यांच्या भल्यासाठीच हवा होता, हेही तिने स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

आणि पुरावा कसा मिळवायचा ते तिला सुचलं, ऑफिसात असतानाच. ते खरोखर तिच्या मागे चालत असतील, तर ती जिकडे नेईल तिकडे आले पाहिजेत. मास्तरच्या धड्यात एक बटण असतं, दाबलं की पुढचा टप्पा. ‘सोडा’ची वेळ आली की ती बटण दाबणार, मास्तर लगेच परत ‘दाबा’ म्हणणार. वरचं हृदय तिथेच उतरलं, तर तो योगायोग, दुसरं कुणीतरी. नाही उतरलं, चढतच राहिलं, तर ते तेच. एखाद्या खोट्या दाव्याला असा सापळा तिने कितीदा लावला होता. साहेबांनी पाठ थोपटली असती.

त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी सायकलवर चढली, बुटांच्या तळाच्या खाचा पायडलमध्ये खटकन अडकवल्या, ज्या टाच वळवल्याशिवाय सुटत नाहीत, आणि यादीतून मुद्दाम दुसरा पट्टा निवडला. आकडा आला, ब्याऐंशी. म्हणजे वर कुणीतरी तयार बसलं होतं. सुरुवातीचे टप्पे तिने सरळ जाऊ दिले. दाबा, आकडा एकशे आठ. सोडा, आकडा ब्याण्णव. एखादं शहाणं, संथ हृदय. तिला क्षणभर वाटलंही, की हा माणूस आपली मर्यादा सांभाळून आहे, एकशे वीसला कधी शिवतही नाही. पण तो विचार तिने बाजूला सारला, कारण ती त्या वेळी सून नव्हती, तपासनीस होती.

पुढचा ‘दाबा’ संपला तेव्हा आकडा एकशे सोळावर होता, आणि मास्तर ‘सोडा’ म्हणायच्या आत तिने बटण दाबलं. मास्तर गरजला, दाबा. सूनबाईच्या स्वतःच्या छातीत भाता चालला होता. तिने पाय थांबवले नाहीत आणि डोळे आकड्यावर रोखले. एकशे एकोणीस. एकशे चोवीस. उतरला नाही. तेच आहेत, तिच्या मनात आलं, आणि सांगायला लाज वाटते अशी गोष्ट म्हणजे तिला आधी आनंद झाला. सापडले. रंगेहाथ सापडले. एकशे एकतीस. इथे थांबायला हवं होतं. पण एकदा घडलं तो योगायोगही म्हणता येतो, दोनदा घडलं की त्याला पुरावा म्हणतात, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. पुढच्या ‘सोडा’लाही तिचं बोट बटणावर गेलं.

मास्तर पुन्हा गरजला. एकशे अडतीस. एकशे त्रेचाळीस. मग आकडा गेला. त्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या.

या रेघांचा अर्थ तिला ठाऊक होता. पट्टा निघाला की त्या येतात. पट्ट्याला आतून काहीच ऐकू आलं नाही, तरीही त्याच येतात.

ती उतरायला गेली आणि टाच वळवायची विसरली. बुटाच्या खाचा सुटल्या नाहीत, ती सायकलसकट भिंतीवर आपटली, कोपर सोललं. कशीबशी सुटून ती जिन्याकडे धावली. सायकलचे बूट फरशीवर चालायला केलेले नसतात. खडखडाट करत, घसरत, कठड्याला लोंबत ती चढली. मागे पंखा घोंघावत होता आणि मास्तर रिकाम्या खोलीला शाबासकी देत होता. वरून रोलरचा आवाज येत नव्हता. ‘बाबा’ अशी हाक तिने मारली ती तिलाच ओळखू आली नाही.

दाराला आतून कडी नव्हती. ते नुसतं लोटलेलं होतं.

सासरे उलट्या खोक्यावर बसले होते. सायकल रोलरवरून घसरून कपाटाला टेकली होती. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा, ओठ कोरडे, एक हात गुडघ्यावर आणि दुसऱ्यात तो जुना पट्टा. हँडलवर तिचं टाकून दिलेलं छोटं यंत्र लावलेलं होतं, काच अगदी स्वच्छ पुसलेली. ते तोंडाने श्वास घेत होते. घेत होते, एवढंच तिने आधी पाहिलं. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि त्यांचं मनगट धरलं. नाडी बोटांखाली वेड्यासारखी धावत होती.

“छातीत दुखतंय? हात जड झालाय?”

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. तिने जिन्याकडे तोंड करून सासूबाईंना हाक मारली आणि डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. खालचा टीव्ही बंद झाला. सासऱ्यांनी तिला अडवलं नाही. कानावर हातही ठेवले नाहीत. नजर चुकवायला हवी होती ती त्यांनी, पण ते तिच्याकडे सरळ बघत होते, जरा गोंधळून, वर्षानुवर्षं नीट चाललेल्या मशीनने अचानक कागद फाडावा तसे.

“आज मधे सोडलं का नाहीस?” त्यांनी विचारलं.

तिने या क्षणासाठी वाक्यं तयार ठेवली होती. बूट, कप्पा, फोन, सगळं ओळीने. त्यातलं एकही कामाचं राहिलं नव्हतं.

“एकशे वीसच्या पुढे मी जात नाही गं,” ते श्वास घेत घेत म्हणाले. “आज गेला आकडा, दिसला मला. म्हटलं, आता सोडेल ती. तू कधी चुकवत नाहीस. मग परत म्हटलं, आता तरी सोडेलच. मी त्या यंत्रावर नाही, तुझ्यावर विसंबून होतो.”

सूनबाईला खोटं बोलता आलं असतं. बटण चुकून दाबलं गेलं, असं म्हटलं असतं तर त्यांनी ते मानलंही असतं. पण तिची बोटं त्यांच्या नाडीवर होती.

“मुद्दाम नाही सोडलं, बाबा. तुम्हीच आहात का, ते बघत होते.”

खाली सासूबाई फोनवर पत्ता सांगत होत्या, नेहमीपेक्षा हळू आवाजात. डॉक्टर, गाडी, तपासण्या, सगळ्यांसमोर होणारी बोलणी, सगळं आता ओळीने येणार होतं, आणि सायकल यावेळी अडगळीत नाही, घराबाहेरच जाणार होती. सासऱ्यांना तेही कळलेलं दिसत होतं. त्यांनी पट्टा तिच्या मांडीवर ठेवला. नाडी हळूहळू खाली येत होती.

“वरच होतो की मी,” ते म्हणाले. “दार वाजवायचं होतंस.”